तपासणीचे पुढे काय झाले?

(सास्तूर येथील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संस्थेच्या कार्यकारिणीने आम्हांस ‘आरोग्य आणि समाज’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलणे सोपे असते, कारण शेवटी कोणी काही विचारीत नाही. आम्ही आज तो विषय बाजूला ठेवून एका मावशींच्या प्रश्नाचे उत्तर देणार आहोत. त्याबद्दल कार्यकारिणीने क्षमा करावी.

आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत, दोन शिक्षक आहेत, औषधाच्या दुकानात उभे आयुष्य काढलेले एक गृहस्थ आहेत आणि कॉलेजात शिकणारी एक मुलगी आहे. महिन्यातून एकदा आम्ही एकत्र बसतो, आरोग्यावरील एखादा शोधनिबंध वाचतो, शब्दकोश उघडून त्याचा अर्थ लावतो आणि तो विहारात, शाळेत, बचत गटाच्या बैठकीत साध्या मराठीत सांगतो. चुकतो तेव्हा डॉक्टर मंडळी आमचा कान धरतात.

अशाच एका बचत गटाच्या बैठकीत साठी ओलांडलेल्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “लई वर्सांमागं बायका आल्या हुत्या. आमास्नी न्हेऊन आतून तपासलं. कायतरी पुसून घेतलं, बाटलीत घातलं. समदं बरं हाय म्हनले. त्याचं फुडं काय झालं वो बाई? आन् माज्या भैनीच्या गावात कुनीच कसं तपासलं न्हाई?”

आम्ही त्या वेळी गप्प बसलो. घरी येऊन शोध घेतला, आणि जे सापडले ते वाचून आमची आम्हांलाच लाज वाटली. कारण ज्या अभ्यासामुळे साऱ्या जगाचे एका रोगाविषयीचे मत बदलले, तो आपल्याच जिल्ह्यात झाला होता, आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता.

तो रोग म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. बायका त्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग अनेक वर्षे शरीरात टिकून राहिला तर तो होतो. संसर्ग पुष्कळ बायकांना होतो, बहुतेकींचा आपोआप जातो, थोड्यांचा राहतो. राहिला तरी त्यातून कर्करोग व्हावयास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. ही मधली वर्षे आपल्या हातात असतात. या काळात तपासणी केली तर बदललेला भाग दिसतो आणि तेवढाच भाग गोठवून किंवा काढून टाकता येतो. पिशवी काढावी लागत नाही.

परंतु तपासावे कसे? शहरातील पॅप चाचणीला प्रयोगशाळा लागते, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखणारा जाणकार लागतो. दुसरा मार्ग म्हणजे व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहणे. तिसरा, विषाणूचीच चाचणी करणे. तिघांपैकी कोणत्या मार्गाने खेड्यातील बाईचा जीव खरोखर वाचतो, हे कोणालाच पक्के माहीत नव्हते. म्हणून बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट पाडले. कोणत्या गटाला कोणती तपासणी हे कोणाच्या मर्जीने ठरविले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात आल्या. एका भागात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात आम्लाची. चौथ्या भागात तपासणी नाही. फक्त रोगाची माहिती आणि नेहमीची दवाखान्याची सोय.

मावशींच्या बहिणीचे गाव बहुधा या चौथ्या भागात असावे.

आठ वर्षांनंतरचा हिशेब एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या साप्ताहिकात छापून आला. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने, टाटाचे डॉ. शास्त्री आदी त्याचे लेखक आहेत. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. ज्या भागात तपासणी झाली नाही, तेथील ३१,४८८ पैकी ६४ दगावल्या. पॅप आणि आम्लाच्या गटांत मृत्यू घटल्याचे ठामपणे म्हणता आले नाही. विषाणूच्या चाचणीचा मात्र गुण दिसला, आणि तोही आयुष्यातून एकदाच केलेल्या चाचणीचा.

विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा थांबावे लागेल. वर्तमानपत्रात ही बातमी कशी येते? ‘चाचणीमुळे मृत्यू निम्म्यावर’. हे खोटे नाही. पण ‘निम्मे’ म्हणजे कशाचे निम्मे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आम्ही फळ्यावर असा हिशेब मांडतो. या वयाच्या दहा हजार बायका घ्या. पन्नास-साठ हजार वस्तीच्या मुलखात एवढ्या निघतात. तपासणी नसेल तर आठ वर्षांत त्यांतील सुमारे वीस या रोगाने जातात. एकदा विषाणूची चाचणी केली आणि गरजेनुसार उपचार केले तर सुमारे दहा जातात. दहा जणी वाचल्या. हा आकडा ऐकून कोणी म्हणते, “एवढेच?” आणि कोणी म्हणते, “दहा घरे वाचली!” दोन्ही म्हणणी आम्हांला मान्य आहेत. पण निर्णय घेताना हातात ‘निम्मे’ हा शब्द नसावा, वीस आणि दहा हे आकडे असावेत. औषधाची जाहिरात असो, वैदूचा दावा असो की मोठ्या रुग्णालयाचे पत्रक असो, आम्ही हाच प्रश्न विचारतो: किती जणांत किती?

दुसरा एक आकडा बायकांच्या फार उपयोगाचा आहे. विषाणूची चाचणी झालेल्या शंभर बायकांत सुमारे दहा जणींत तो सापडला. त्या दहा जणींना कर्करोग झाला होता असे मुळीच नाही. बहुतेकींना काही झालेले नव्हते. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह’ एवढे दोन शब्द ऐकून ज्या बाईची झोप उडते, तिला हे कोणीतरी सांगावयास हवे. आणि ज्या नव्वद जणींत विषाणू सापडला नाही, त्यांच्यात पुढील आठ वर्षांत हा रोग होण्याचे प्रमाण फारच कमी राहिले. पॅप किंवा आम्लाच्या तपासणीत ‘ठीक’ निघालेल्या बायकांपेक्षाही पुष्कळ कमी. मावशींना ‘बरं हाय’ म्हणाले, त्या शब्दाला विषाणूच्या चाचणीत किती वजन आहे, ते आठ वर्षे वाट पाहिल्यानंतर कळले.

आता बहिणीच्या गावाचा प्रश्न. हा प्रश्न मावशींनीच विचारला असे नाही, तो नंतर मोठमोठ्या डॉक्टरांनीही विचारला. ज्या गटाला तपासणीच नाही असा गट ठेवावा का? मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडीगुल येथील अशा अभ्यासांवर अमेरिकेतील डॉक्टर एरिक सुबा यांनी जाहीर आक्षेप घेतले, आणि आपल्याकडील वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकातही त्यावर वाद झाला. एक बाजू म्हणते, तपासणीचा फायदा जगात माहीत होता, मग गरीब बायकांना वगळले कसे? दुसरी बाजू म्हणते, या खेड्यांत तेव्हा तपासणी कोणालाच मिळत नव्हती आणि तुलना केल्याशिवाय कोणती पद्धत येथे चालते हे कळले नसते. आमच्यातच यावर दोन मते आहेत आणि ती मिटलेली नाहीत. मात्र एका बाबतीत आमचे एकमत आहे. ज्यांच्या शरीरावर हे ज्ञान मिळाले, त्यांना ते कळले पाहिजे. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी घोषणापत्रातही म्हटले आहे की, अभ्यासात भाग घेतलेल्यांना त्याचा एकंदर निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय दिला पाहिजे. हे बोलताना कोणत्याही रुग्णालयाकडे बोट दाखविण्याचा आमचा हेतू नाही. निष्कर्ष छापून झाल्यावर तो गावात पोहोचविणे हे काम कोणाचे, हेच आपल्याकडे ठरलेले नाही. शिक्षकांचे? वर्तमानपत्रांचे? आरोग्य खात्याचे? आमच्यासारख्यांचे तर होतेच, आणि आम्ही ते केले नाही.

पुष्कळांना वाटेल, एक अभ्यास झाला, निकाल लागला, संपले. तसे नसते. दिंडीगुल येथे आम्लाच्याच एकदाच केलेल्या तपासणीने या रोगाचे मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ साली दिसले होते. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, हीच तपासणी केली. दीड लाख स्त्रियांच्या त्या अभ्यासात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. मग आपल्या जिल्ह्यातील निष्कर्ष खोटा काय? नाही. तपासणारे हात, किती वेळा तपासले, पुढचे उपचार किती जणींनी पूर्ण केले, यांवर फरक पडतो. आज सरकारी आरोग्य केंद्रात आम्लाची तपासणी मिळत असेल तर ‘ती निरुपयोगी आहे’ असे म्हणून कोणी घरी परत येऊ नये. ती मिळते आहे, ती करून घ्यावी.

अशा वेळी एका अभ्यासाकडे न पाहता सर्व अभ्यास गोळा करून, चांगला कोणता, कच्चा कोणता हे पारखून मग बोलावे लागते. हे काम करण्यासाठी ‘कॉक्रेन’ नावाची संस्था इंग्लंडात स्थापन झाली. तिचे साल आपल्या गावाला कधीही विसरता येणार नाही: १९९३. त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सास्तूर कोसळले, आणि त्यानंतर काही दिवसांतच ऑक्सफर्डला ही मंडळी जमली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तो पुढे जुळला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर याच लोकांनी ‘एव्हिडन्स एड’ नावाचे काम सुरू केले. आपत्तीत मदतीला धावणाऱ्यांना कोणती मदत उपयोगी आणि कोणती नाही, हे आयत्या वेळी कळावे हा त्याचा उद्देश.

मदतसुद्धा निरुपयोगी असू शकते? असू शकते. एक उदाहरण देतो. संकटातून वाचलेल्या माणसाला लगेच बसवून एकाच बैठकीत सर्व काही पुन्हा सांगावयास लावले म्हणजे त्याचे मन हलके होते, असा समज होता. ऐकावयास तो पटण्यासारखाच आहे. २००२ साली कॉक्रेनने यावरील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अशा एका बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींना उलट अधिक होतो, असे दिसले. म्हणजे माणसाजवळ बसू नये असे नव्हे. त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकावे. खोदून विचारू नये. हे ज्यांनी ढिगाऱ्याखालून माणसे काढली त्या येथील वडीलधाऱ्यांना कोणी शिकवावे लागले नसते.

जे एका ठिकाणी चालते ते सर्वत्र चालतेच असेही नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची भीती असलेल्या मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे सुधारतात, हे १९७२ साली न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी दाखविले. पुढचे अभ्यास वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले राहिले आणि अनेक वर्षे पुष्कळ डॉक्टरांनी ते वापरलेच नाही. सारे पुरावे एका चित्रात मांडल्यावर शंका उरली नाही. ते चित्रच कॉक्रेनचे बोधचिन्ह झाले. पण पुढे हेच इंजेक्शन गरीब देशांतील गावपातळीवर सर्रास देऊन पाहिले, त्या अभ्यासात आपल्या नागपूर व बेळगाव परिसराचाही समावेश होता, तेव्हा २०१५ साली दिसले की नवजात बालकांचे मृत्यू घटण्याऐवजी एकंदरीत वाढले. पुन्हा २०२० साली, चांगली सोय असलेल्या रुग्णालयांत नीट पारखून दिले असता बाळे वाचली. औषध तेच आहे. कोठे, कोणाला आणि कोणत्या सोयीत दिले, यावर जीव अवलंबून आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सर्व सांगितले त्या गोष्टीकडे येतो.

आमच्यापैकी एकीच्या थोरल्या जाऊबाई ऊसतोडीला जात. बत्तिसाव्या वर्षी अंगावरून पांढरे जाऊ लागले, कंबर दुखू लागली. तालुक्याच्या गावातील एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. “पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल,” असे सांगितले. चौथ्या दिवशी ऑपरेशन. त्यासाठी मुकादमाकडून आणखी उचल घेतली, म्हणजे पुढच्या हंगामाचा कोयता आधीच विकला गेला. अंडाशयेही काढली होती, हे त्यांना सहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरने कागद पाहून सांगितले. अंगाची आग, घाम, हाडांचे दुखणे, हे सारे चाळिशीच्या आत. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर कर्करोगाची एकही तपासणी नोंदलेली नाही.

ही एका घराची गोष्ट असती तर आम्ही येथे सांगितली नसती. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेले आकडे असे: ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली. दर सहा जणींत एक. कारणे अनेक आहेत. पाळीच्या दिवसांत काम चुकले तर खाडा लागतो, फडावर संडास नाही, पाणी नाही, दवाखाना दूर आणि विश्रांती कोणाच्याच नशिबी नाही. ही कारणे शोधनिबंध वाचून दूर होत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण त्या बायकांपैकी कितीतरी जणी म्हणाल्या की कॅन्सरच्या धाकाने आम्ही ‘हो’ म्हटले. त्या धाकाचे उत्तर तर दहा वर्षे आधी छापून झाले होते, आणि तेही शेजारच्या जिल्ह्यातील बायकांच्या तपासणीतून! कर्करोगाची शंका आहे ना, मग आधी तपासा. विषाणू नसेल तर पुढील कित्येक वर्षे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची भीती फार थोडी. बदललेला भाग दिसला तर तेवढ्यावरच उपचार.

आणि पांढरे जाणे? डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आहे, आणि आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. त्यांतील पुष्कळसे आजार जंतुसंसर्गाचे, औषधाने बरे होण्यासारखे होते. ज्या तक्रारी इतक्या सर्रास आहेत त्यांसाठी पिशवी काढावयाची म्हटले तर गावात एकही शिल्लक राहणार नाही. अकारण गर्भाशय काढण्याच्या प्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये आदेश देऊन केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत असे सांगितले आहे. कागद झाला. पण चौथ्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर जाणाऱ्या बाईच्या हातात तो कागद नसतो.

ज्ञान कोठे अडते? एक अडथळा पैशांचा. वैद्यकीय मासिकांची वर्गणी आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर असते. २००७ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पैसे भरून कॉक्रेनचे सर्व ग्रंथालय देशातील प्रत्येकाला मोफत वाचता येईल अशी सोय केली होती. गरीब देशांत असे करणारा भारत पहिला. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत हजारो नियतकालिके सरकारी महाविद्यालये व संशोधन संस्थांना खुली झाली. सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी याचा लाभ घ्यावा. गावातील वाचक मात्र त्या दाराबाहेरच आहे. आपल्या जिल्ह्याचा तो लेख आज इंटरनेटवर फुकट मिळतो. फुकट असून तो मावशींच्या काय कामाचा? तो इंग्रजीत आहे, आणि नुसता इंग्रजीत नाही, संख्याशास्त्राच्या इंग्रजीत आहे. आम्हां पाच जणांना तो समजावयास तीन बैठका लागल्या.

सांगून काय फरक पडतो, असे कोणी विचारील. त्याचाही पुरावा आपल्याच भागात आहे. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली; बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुके तिच्यात होते. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन रोग्यांची नोंद घेत आणि त्याबरोबर लक्षणे समजावून सांगत. तपासणीची यंत्रे नव्हती, केवळ बोलणे होते. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखविले की या भागातील बायका पूर्वीपेक्षा लवकर, रोग पहिल्या अवस्थांत असतानाच येऊ लागल्या. नंतर जगण्याचे प्रमाणही सुधारलेले दिसले. गडचिरोलीत ३९ गावांतील बायकांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले, तेव्हा तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. ते १९९९ साली छापून आले आणि २०११ पासून आशाताईंच्या कामात देशभर उतरले. म्हणजे निष्कर्ष उंबरठ्यापर्यंत पोहोचू शकतो. आपल्या जिल्ह्याचा पोहोचला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीही झालेल्या अवघ्या १.९ टक्के होत्या. इकडे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या शिफारशीत विषाणूच्या चाचणीला पहिली पसंती दिली. तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी ती करावी आणि नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालेल, असेही म्हटले. तपासणीच्या खोलीत जाण्यास लाजणाऱ्या आमच्या भगिनींना ही शेवटची गोष्ट आवर्जून सांगावी.

विद्यार्थिनी लसीबद्दल विचारतात. एचपीव्हीच्या लसीचा एक मोठा अभ्यास २००९ साली देशात सुरू झाला, बार्शी हे त्याचे एक केंद्र होते. अन्य एका प्रकल्पातील मुलींच्या मृत्यूंमुळे २०१० साली सरकारने लस देणे थांबविले. ते मृत्यू लसीमुळे झाले नव्हते असे चौकशीत आढळले, पण पालकांच्या संमतीतील गैरप्रकार मात्र खरे निघाले. थांबविल्यामुळे काही मुलींना एकच मात्रा मिळाली होती. पुढे दहा वर्षे त्यांच्याकडे लक्ष ठेवले, तेव्हा एका मात्रेनेही चांगले संरक्षण मिळते असे दिसले, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा पुरेशी ठरू शकते हे मान्य केले. जगातील गरीब देशांचा खर्च आपल्या मुलींमुळे कमी झाला. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करावयाचीच आहे.

काही तरुण मित्र आम्हांला कालाम सुत्ताचा दाखला देतात आणि म्हणतात, भगवंतांनी कशावरही विश्वास ठेवू नका असे सांगितले, मग डॉक्टरांवर आणि लसीवर तरी का ठेवावा? हा अर्ध्या वाचनाचा दोष आहे. केसपुत्त नगरातील कालामांना परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका असे सांगितले, हे खरे. पण तेथेच थांबले नाहीत. त्याने हित होते की अहित, हे स्वतः पाहा आणि जाणत्यांचे मत विचारात घ्या, असेही सांगितले. नुसते नाकारणे हे पारखण्यापेक्षा फार सोपे असते. मोबाईलवर आलेला काढ्याचा संदेश विनाशंका पुढे पाठविणारे हात आणि लसीला नाकारणारे हात आम्ही एकाच माणसाचे पाहिले आहेत.

डॉक्टरांना प्रश्न विचारावा तर ते रागावतात, ही तक्रार सर्वत्र आहे. आमचा अनुभव असा की, अपमान न करता विचारले तर बहुतेक डॉक्टर सांगतात. काहींना तर बरे वाटते. साहेब, हे नाही केले तर काय होईल? थांबून पाहता येईल का? दुसरा काही उपाय आहे का? माझ्यासारख्या किती जणींना याचा गुण आला? ऑपरेशन उद्याच हवे की महिन्याने चालेल? शेवटचा प्रश्न फार उपयोगी आहे. खरोखर तातडी असेल तर डॉक्टर कारण सांगतील. कारण न सांगता जो घाई करतो, तेथून कागद घेऊन दुसरीकडे दाखवावे.

आम्ही मावशींकडे पुन्हा गेलो. ओसरीत बसून फळ्यावरचाच हिशेब ज्वारीचे दाणे मांडून सांगितला. त्या बराच वेळ दाण्यांकडे पाहत होत्या. “म्हंजे आमच्या बाटलीतलं पार फ्रान्साला कळलं, आन् आमास्नी आत्ता,” असे म्हणून हसल्या. मग विचारले, “माजं वय झालं. भैनबी म्हातारी झाली. पर तिच्या दोन सुना हाईत, धाकटी पस्तिशीची. त्यास्नी कुटं न्यायचं ते सांगा.”

ते सांगण्यासाठीच आज येथे आलो आहोत. ३० ते ५९ वयाच्या भगिनींनी आपल्या आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा आशाताईंकडे गर्भाशयमुखाच्या तपासणीचा दिवस विचारावा. एकटीने जाण्याचा संकोच वाटल्यास चार-पाच जणींनी मिळून जावे, आमच्या परिचारिका ताई बरोबर येतील. पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या भगिनींनी ऑपरेशनपूर्वी सर्व कागद घेऊन आमच्या बैठकीस यावे. आम्ही सल्ला देणार नाही, कागदावर काय लिहिले आहे ते मराठीत वाचून दाखवू आणि डॉक्टरांना काय विचारावयाचे ते लिहून देऊ. ज्यांच्या घरी १९९९ ते २००३ च्या तपासणीची जुनी चिठ्ठी असेल त्यांनी ती टाकून न देता जपून ठेवावी. बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा वाजता, वंदनेनंतर, विहारातच असते.